टाइपरायटर संपल्याची सूचना

वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवर एक काळा फळा होता, आणि त्या फळ्यावर जे लिहिलं जाई ते करायचं असे. तसा नियम कोणी घालून दिलेला नव्हता. पण शिष्यवृत्तीचे फॉर्म कधी सुटले, पोस्टात भरती आहे, रेल्वेची जाहिरात निघाली, रेशनवर रॉकेल कोणत्या वारी येणार, हे सगळं वर्षानुवर्षं त्या फळ्यावरच कळत आलं होतं. फळा वाचून वस्तीतली तीन पोरं नोकरीला लागली होती आणि एक मुलगी नर्सिंगला गेली होती. त्यामुळे रविवारची वंदना आटोपली की माणसं चपला घालण्याआधी फळ्यापुढे उभी राहत. ज्यांना वाचता येत नसे ती दुसऱ्याकडून वाचून घेत, आणि सोमवारी त्याप्रमाणे वागत.

नव्याण्णव साली हा फळा महेंद्रच्या हाती होता. महेंद्र म्हणजे वस्तीतल्या टायपिंग शिकणाऱ्या मुलीचा, संघरत्नाचा, चुलतभाऊ. मुरबाडच्या आसपासच्या वस्त्यांत कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहिणारा तेव्हा तो एकच. आठवडाभर डोंबिवलीला एका खोलीत राहायचा, अंधेरीच्या कंपनीत जायचा आणि शनिवारी संध्याकाळी कल्याणहून जीप पकडून घरी यायचा. कंपनीतलं त्याचं काम असं की जुन्या प्रोग्रामांत साल दोन आकड्यांत लिहिलेलं असे, ते शोधून काढून चार आकडी करायचं. दिवसभर दुसऱ्याच्या चुका हुडकून माणूस घुसमटतो. ती सगळी वाफ तो रविवारी फळ्यावर काढायचा.

फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागात सूचना, खालच्या अर्ध्या भागात महेंद्रची ‘विज्ञानवार्ता’. विज्ञानवार्ता म्हणजे एक ओळ बातमी आणि तीन ओळी त्याचं मत. ‘मंगळावर पूर्वी पाणी होतं असं शास्त्रज्ञ म्हणतात. आपल्या वस्तीत पूर्वी पाणी होतं हे शोधायलाही कोणीतरी यान पाठवावं.’ किंवा, ‘मेंढीसारखी हुबेहूब मेंढी तयार झाली. यात नवल ते काय, आपल्या तहसील कचेरीत सगळे कारकून हुबेहूबच आहेत.’ किंवा, ‘एक जानेवारीला विमानं पडतील असं पेपरवाले लिहितात. विमानं पडणार नाहीत. आमच्यासारखे हजारो लोक जागून ती वर ठेवतायत.’

माणसं हसत. संघरत्नाचे वडील, रामा, बांधकाम खात्यात रस्त्याच्या गँगवर होते. ते म्हणत, “आपला महेंद्र बोलतो ते दहा वर्षांनी पेपरात येतंय.” आणि खरंच, उपग्रहावरून बोलायचे महागडे फोन चालणार नाहीत असं त्याने लिहिलं, आणि त्याच उन्हाळ्यात ते फोन काढणारी परदेशातली कंपनी कर्जात बुडाल्याची बातमी आली. तेव्हापासून तर विज्ञानवार्तेला वेगळंच वजन आलं.

जुलैच्या एका रविवारी सूचना काहीच नव्हती. महेंद्रने सबंध फळा विज्ञानवार्तेला घेतला. अक्षरही मोठं काढलं, नेहमी सूचनेला काढत असे तेवढं:

‘टाइपरायटरचं युग संपलं. येत्या दोन वर्षांत सर्व कचेऱ्यांत कॉम्प्युटर येतील. आता टायपिंगच्या क्लासला जाणं म्हणजे वेळ फुकट घालवणं.’

त्या रविवारी संघरत्ना वस्तीत नव्हती. खर्डीला आत्याकडे लावणीसाठी गेली होती. चार-पाच दिवसांनी परतली, चिखलाने भेगाळलेली बोटं तेलात बुडवून चोळली आणि दुसऱ्या दिवशी मुरबाडला क्लासला गेली, तर जिना चढताना तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. वरून आवाजच येत नव्हता.

खताच्या दुकानावरच्या माडीवर लडकू भोईरांचा टायपिंगचा क्लास होता. रोज सकाळी पत्र्यावर गारा पडाव्यात तसा तिथे आवाज असायचा. आज एकच मशीन चालू होतं, तेही सर स्वतः रिबन बदलून बघत होते म्हणून.

“पोरं कुठं गेली सर?”

“तुलाच विचारायचा व्हता,” भोईर सर म्हणाले. “तुमच्या वस्तीची येक पन नाय आली. त्यांचा बघून बाजूच्या गावची गेली. आता बाजारपेठेतली पन घरी बसलीत. तुमच्याकडं काय सूचना लागली ना?”

“कसली सूचना?”

“टाइपरायटर बंद झाल्याची.”

संघरत्ना मशीनपुढे बसली खरी, पण तिचे हात कळांवर टेकेनात. जूनमध्ये तिची पहिली परीक्षा थोडक्यात गेली होती. डिसेंबरात पुन्हा बसायचं होतं, मराठी, मिनिटाला तीस शब्दांच्या वेगाला. तेवढं प्रमाणपत्र हातात आलं की जिल्ह्याच्या कचेरीतल्या लिपिक-टंकलेखकाच्या जागेला अर्ज करता येणार होता. भरती नव्या वर्षात होती. बी.ए. तिचं झालं होतं, बाकी कागद तयार होते, अडलं होतं ते या एका गोष्टीवर. पुन्हा अशी भरती कधी निघेल कोणाला ठाऊक नव्हतं. मागची निघाली तेव्हा ती आठवीत होती.

शनिवारी महेंद्र जीपमधून उतरला तेव्हा ती फाट्यावरच उभी होती.

“काय गो रत्ना, घ्यायला आलीस?”

“तुला नाय, जाब घ्यायला आले. फळ्यावर काय लिहिलंस?”

तो चालता चालता हसला. “खरं तेच लिहिलं. आमच्या कंपनीत एक टाइपरायटर आहे, त्याच्यावर शिपाई छत्री वाळत घालतो.”

“तुझ्या कंपनीत मला कोण घेतंय? सरकार मागतंय ना टायपिंग. ती जाहिरात पण तूच लिहिलेलीस, मे महिन्यात, त्याच फळ्यावर. ‘टंकलेखन प्रमाणपत्र आवश्यक’ असं.”

“ती सूचना होती. हे माझं मत आहे.”

“फळ्याला काय माहीत दादा, सूचना कुठली नि मत कुठलं? अक्षर तर एकच आहे तुझं.”

महेंद्र थांबला. ही गोष्ट त्याच्या डोक्यात आलीच नव्हती, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पण लगेच तो सावरला. प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाला आपण चुकलो म्हणण्यापेक्षा आपलं कुठे बरोबर होतं ते दाखवणं सोपं जातं.

“मी चुकीचं काय लिहिलं ते सांग. दोन वर्षांत नाही तर पाच वर्षांत, पण जाणारच टाइपरायटर.”

“जाऊ दे की. माझी परीक्षा डिसेंबरात आहे.”

दुसऱ्या दिवशी फळ्यावर खुलासा आला. पण तो महेंद्रचा खुलासा. पहिली ओळ बरी होती: ‘टायपिंगची परीक्षा सरकार अजून घेते.’ तिथेच हात थांबवला असता तर काम झालं असतं. पण त्याचा हात थांबेना. पुढे त्याने लिहिलं की कॉम्प्युटरवर मराठी आणणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपापली अक्षरं वेगळी केली आहेत, एकाच्या फ्लॉपीतलं मराठी दुसऱ्याच्या यंत्रावर उघडलं की नुसते ठिपके नि चौकोन दिसतात, सगळ्यांनी मिळून एकच पद्धत ठरवली तर सहा महिन्यांत टाइपरायटर भंगारात जाईल, आणि तसं होत नाही याला कंपन्यांची हाव कारणीभूत आहे.

पौर्णिमाने ते मोठ्याने वाचलं. ती संघरत्नाची मैत्रीण, क्लासला शेजारच्या मशीनवर बसायची. वाचून झाल्यावर तिने विचारलं, “म्हणजे सहा महिन्यांत भंगारात जाणार?”

“तसं नाय लिहिलेलं,” संघरत्ना म्हणाली.

“लिहिलंय की. ही बघ ओळ.” पौर्णिमाने बोट ठेवलं. “आता घरात काय सांगू मी? तूच सांग.”

पौर्णिमा परत क्लासला आली नाही. कोणीच आलं नाही. गणपती गेले आणि भोईर सरांनी मशीनं विकायला काढली. उल्हासनगरहून एक भंगारवाला टेंपो घेऊन येणार होता. माडीवर आता कॉम्प्युटरचा क्लास निघणार होता. सरांनी एसटी स्टँडवर महेंद्रला गाठून सल्लाही घेतला होता, आणि महेंद्रने विचारल्याबरोबर तो दिला होता.

संघरत्नाने ऐकलं तेव्हा ती भात निवडत होती. हातातलं सूप तसंच ठेवून ती निघाली. कमळाबाई, तिची आई, मागून ओरडली, “अगो, जेवून तरी जा.” ती थेट माडीवर गेली. मशीनं एकावर एक रचून चादरीत बांधली होती.

“सर, माझा फॉर्म तुमच्या संस्थेतून गेलाय. हॉलतिकीट येईल. मग मी काय पाटीवर टाइप करू?”

तेव्हा पद्धत अशी होती की परीक्षेला मशीन संस्थेने न्यायचं. परीक्षेच्या दिवशी शहापूरच्या शाळेच्या आवारात टेंपो लागत आणि माणसं लग्नघरची भांडी उतरवावीत तशी टाइपरायटर उतरवत. ज्याची संस्था मशीन आणणार नाही, त्याने घरी बसायचं.

“दुसऱ्या संस्थेचा मशीन घे तिथं,” भोईर सर म्हणाले.

“कोण देईल? त्यांची पोरं बसलेली असतात.”

सर वाईट माणूस नव्हते. बायको आजारी, दोन महिने फी नाही, आणि कॉम्प्युटरवाल्याला शब्द दिलेला. त्यांनी मान खाजवली. मग चादरीची गाठ सोडून एक मशीन बाहेर काढलं. ते चांगल्यांतलं नव्हतं. मागच्या बाजूची पट्टी झिजली होती म्हणून पोरं त्यावर बसायची नाहीत.

“यो तसापन भंगारवाला अर्ध्यातच मागतंय. परीक्षा होयपर्यंत तुझ्याकडं राहूं दे. मंग आनून दे.”

रामाने ते सायकलच्या मागे बांधून घरी आणलं. घर दोन खोल्यांचं. मशीन ठेवायला जागा मिळाली ती धान्याच्या कणगीशेजारी, उंच पाटावर. संघरत्ना सकाळ-संध्याकाळ बडवत बसे. शेजारची माणसं डोकावून जात.

“संपलं ना हे? फळ्यावर आलं होतं.”

“संपत आलंय,” ती मान वर न करता म्हणे. “मी शेवटची.”

पण आतून ती हलली होती. महेंद्र हुशार होता, हे तिला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. गणितं त्यानेच शिकवली होती. तो म्हणाला ते झालं तर? प्रमाणपत्र हाती यावं आणि त्याच महिन्यात सरकारने जाहीर करावं की आता टायपिंग नको, तर? एखाद्या संध्याकाळी ती मधेच उठायची, अंगणात दोन फेऱ्या मारायची, येऊन परत बसायची. दोन ओळींनी परत उठायची. कमळाबाई म्हणायची, “असं काय गो करतंस? गाय व्यायला आल्यासारखं.” एकदा तर मनात आलं की द्यावं मशीन परत आणि नव्या क्लासला नाव घालावं. ती जिन्यापर्यंत गेलीसुद्धा. वर तीन कॉम्प्युटर प्लास्टिकच्या खोळी घालून ठेवले होते आणि वीज गेली होती. ती परत फिरली.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी महेंद्र अचानक आला. वार शनिवार नव्हता.

“तुम्हाला तर रजा बंद आहेत ना?” रामाने विचारलं.

“साहेबाला सांगितलं, बहिणीची परीक्षा आहे. म्हणाला, कसली? म्हटलं, टायपिंगची. इतका हसला की रजा देऊन मोकळा झाला.” मग संघरत्नाकडे न बघता म्हणाला, “ते धूड एकटीने नेणार होतीस काय?”

सकाळच्या शहापूर एसटीत महेंद्रने मशीन मांडीवर घेतलं. चादरीत बांधलेलं, वर गाठ. कंडक्टरने गाठीला चिमटा काढून पाहिला.

“काय आहे? शिलाई मशीन?”

“टाइपरायटर.”

“अजून असतात काय ते?” कंडक्टर म्हणाला, आणि मागच्या बाकावरचा एक म्हातारा लगेच बोलला, “मुरबाडकडं कुठंतरी सूचना लागलेली, बंद झालं म्हणून.”

महेंद्रने खिडकीबाहेर तोंड केलं. संघरत्नाला हसू आलं. किन्हवलीच्या पुढे रस्ता उखडलेला होता. एका खड्ड्यात गाडी अशी आदळली की मांडीवरच्या गाठोड्यातून ‘टण्’ असा आवाज आला आणि काहीतरी गरगर फिरून थांबलं.

शाळेच्या व्हरांड्यात चादर सोडली तेव्हा कळलं. मागची झिजलेली पट्टी तुटली होती. टाइपरायटरच्या मागे एका डबीत स्प्रिंग असते. ती या पट्टीने कागद धरणाऱ्या कॅरेजला ओढून घेते, म्हणून एकेक अक्षर उमटलं की कागद पुढे सरकतो. आता पट्टीच नव्हती. संघरत्नाने एक कळ दाबली, दुसरी दाबली. दोन्ही अक्षरं एकावर एक बसली.

पहिली घंटा झाली होती. आजूबाजूला पोरं कागद लावत होती. संघरत्ना नुसती कॅरेज हाताने ढकलत राहिली, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

“थांब, ढकलू नको,” महेंद्र म्हणाला. तो गुडघ्यांवर बसला होता. मशीनच्या मागे डोकं घालून तो बराच वेळ पाहत राहिला, आणि पहिल्यांदाच त्याने त्या यंत्राबद्दल काही मत दिलं नाही. मग बुटाची नाडी ओढून काढली. “मी डबी फिरवून धरतो. तू कॅरेजच्या त्या आकड्याला गाठ मार. पक्की.”

“नाडी टिकेल?”

“माहीत नाही.”

हे शब्द त्याच्या तोंडून तिने आधी ऐकले नव्हते. तिने गाठ मारली. त्याने डबी सोडली तेव्हा कॅरेज सरकली, पण जोर कमी होता. ओळीच्या सुरुवातीला ठीक चाले, शेवटाकडे रेंगाळे, आणि तिथे अक्षरं एकमेकांवर चढत. अजून दोन वेढे द्यायला हवे होते. तेवढ्यात दुसरी घंटा झाली आणि पर्यवेक्षकांनी बाहेरच्यांना बाहेर काढलं.

पेपरातलं पत्र तिने सावकाश काढलं, तक्ता त्याहून सावकाश. त्यात वेळ होता. खरी भीती वेगाच्या उताऱ्याची. ‘सुरू’ म्हटल्याबरोबर सबंध वर्ग एकदम कोसळला. दीडदोनशे बोटं, कळा, घंट्या. टायपिंगमध्ये सवय अशी असते की हात चालू ठेवायचे आणि ओळ संपत आली की घंटी वाजते, तिची वाट बघायची. घंटी वाजली की नव्या ओळीसाठी लिव्हर मारायचा. दोन वर्षं ती त्या घंटीवर जगली होती. पहिली ओळ तिने तशीच घंटीपर्यंत नेली, आणि शेवटची चार अक्षरं एकमेकांवर चढून काळा ठिपका झाली.

दुसऱ्या ओळीला तिने घंटीची वाट बघितली नाही. कॅरेज जड झाली असं बोटांना वाटलं की शब्द संपवायचा आणि लिव्हर मारायचा. कधी ओळ लांब झाली, कधी आखूड. उजवीकडचा समास उंदराने कुरतडल्यासारखा दिसत होता. त्याचे गुण जाणार हे तिला कळत होतं. पण अक्षरं सुटी पडत होती. शेजारच्या मशीनची घंटी वाजली की तिचा हात चुकून लिव्हरकडे जाई. तो तिने दोनदा मागे खेचला. उतारा संपला की नाही हे बघायलाही मान वर केली नाही. ‘थांबा’ म्हटलं तेव्हा ती शेवटच्या शब्दाच्या मध्यावर होती.

बाहेर महेंद्र एक बूट घसटत फेऱ्या मारत होता.

“नाडी टिकली?”

“टिकली.”

“पास होशील?”

“मला काय विचारतोस?” ती म्हणाली. “चल, काहीतरी खाऊ. सकाळपासून पोटात पाणीसुद्धा नाय.”

एक जानेवारी आली नि गेली. विमानं पडली नाहीत. महेंद्रच्या कंपनीने, काम संपलं म्हणून, त्याच्यासकट निम्म्या लोकांना घरी पाठवलं. तो काही दिवस वस्तीतच होता, आणि त्या दिवसांत फळ्यावर फक्त सूचना येत होत्या, त्याही आखडत्या हाताने लिहिलेल्या. माणसं विचारत, “विज्ञानवार्ता का रे बंद?” तो म्हणे, “विज्ञान सुट्टीवर आहे.”

निकाल भोईर सरांकडे आला. संघरत्ना पास झाली होती, काठावर. समासाचे बरेच गुण गेले होते, वेगाचे मिळाले होते. सरांनी पेढा तिच्या हातावर ठेवला आणि तिला माडीच्या गॅलरीत नेलं. खाली रस्त्याकडे तोंड करून त्यांनी नवी पाटी लावली होती. कॉम्प्युटर क्लासला अजून चौघंच आली होती, म्हणून त्यांनी जुन्या संस्थेचंच नाव पुन्हा वापरलं होतं. पाटीवर लिहिलं होतं: ‘भोईर टंकलेखन संस्था. डिसेंबर परीक्षेचा निकाल शंभर टक्के.’

“सर, तुमच्याकडून मी एकटीच बसलेले.”

“मंग? येक बसली, येक पास झाली. शंभरच ना?” सर म्हणाले. “तुझ्या दादाला इचार, गनित बरोबर हाय का.”

गणित बरोबर होतं. आठवड्याभरात जिन्यावर पावलं वाजू लागली. पहिली आली पौर्णिमा, आईला घेऊन. “पाटी वाचली,” तिची आई म्हणाली. मग बाजूच्या गावची पोरं आली. भोईर सरांकडे आता पोरं होती आणि मशीन एकही नव्हतं. उल्हासनगरच्या भंगारवाल्याने केव्हाच फुंकून टाकली होती. संध्याकाळी सर स्वतः वस्तीत आले, कमळाबाईने दिलेला चहा घेतला, आणि कणगीशेजारच्या पाटाकडे बघत म्हणाले, “तेवढा आपला मशीन द्यायचा व्हता.”

निकाल हाती येताच संघरत्नाने धाडलेल्या अर्जावर त्या दिवशीच ठाण्याच्या कचेरीचा कॉल आला होता. मुलाखत पुढच्या महिन्यात, आणि तिथे पुन्हा टंकलेखनाची प्रत्यक्ष चाचणी. ती मशीनपुढे बसली होती. नाडी काढून आता नवी पट्टी बसवली होती. महेंद्रने कल्याणला तीन दुकानं पालथी घालून ती आणली होती.

“मुलाखत होईपर्यंत नाय सर,” ती म्हणाली.

“अगो, पोरा खोळंबलीत.”

“खोळंबू देत. मी सहा महिने खोळंबलेय.” तिने कागद लावला, कडा जुळवली. “तोवर त्यांना कॉम्प्युटरवर बसवा.”

“लाइट कुठं असते?” भोईर सर म्हणाले, आणि कपातला उरलेला चहा बशीत ओतून घेत तिथेच भिंतीला टेकून बसले.